शिक्षक-देवाणघेवाण: फिनलंड, नेदरलँड्स की बास्क प्रदेश? सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी जर्मनीत, नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालियातल्या एका बेरूफ्सकोलेगमध्ये, म्हणजे व्यवसायशाळेत, शिकवते. विषय मशिनिंग: लेथ, मिलिंग, सीएनसी. आमच्या शाळेकडे इरॅस्मस प्लसची, म्हणजे युरोपियन संघाच्या शिक्षण-देवाणघेवाण योजनेची, मान्यता आहे आणि पुढच्या वर्षी आठवडाभर दुसऱ्या देशातल्या व्यवसायशाळेत जायची संधी आली आहे. कोऑर्डिनेटरने तीन पर्याय पुढे ठेवलेत: फिनलंडमधलं टाम्पेरे, नेदरलँड्समधलं उट्रेख्ट आणि स्पेनचा बास्क प्रदेश. महिनाअखेर निर्णय सांगायचा आहे.

नुसतं "छान अनुभव असतो, नक्की जा" नकोय, म्हणून माझी अडचण आधी सांगते. आमच्याकडे या व्यवसायाची अप्रेंटिसशिप साडेतीन वर्षांची. मुलं आठवड्यातून एक-दोन दिवस शाळेत, बाकी कंपनीत. माझ्या वर्गात सीरिया, अफगाणिस्तानातून आलेली बरीच मुलं आहेत. मशिनवर त्यांचा हात असा बसलाय की बघत राहावं. पण परीक्षा घेतं उद्योग-व्यापार मंडळ. पहिला टप्पा ४० टक्के, दुसरा ६० टक्के. लेखी पेपर स्टुटगार्टहून छापून येतात, आणि तिथल्या लांबलचक जर्मन वाक्यांत ही मुलं अडकतात. फार तर दोनदा परत बसता येतं, मग संपलं.

तर मला बघायचंय ते एवढंच: मुलाला काम येतं की नाही हे बाकीचे देश कसं ठरवतात? यासाठी कुठे जावं? नुसतं जॉब शॅडोइंग (तिथल्या शिक्षकाबरोबर राहून त्याचं काम बघणं) करावं की एखादा कोर्स? आणि एका आठवड्यात खरंच काही हाती लागतं का?

(माझा पासपोर्ट अजून भारतीय आहे, त्याचंही कुणाला काही माहीत असेल तर सांगा.)

— लेथवाली

---

निव्वळ_वाचक: युरोपियन करदात्यांच्या पैशाने सहल, वर परत आल्यावर पीपीटी. आमच्या ओळखीतले एक जण जाऊन आले, स्टेटसवर फक्त जेवणाचे फोटो. चालू द्या.

---

डच_कांदा: निव्वळ_वाचक, जेवणाचे फोटो नेदरलँड्समधून तरी येणार नाहीत. इथे दुपारी पाव आणि चीज, संपलं.

लेथवाली, मी इथल्या एका एमबीओमध्ये, म्हणजे डच व्यवसायशाळेत, आयटी शिकवतो. व्यवसायशिक्षणाचे चार स्तर आणि दोन वाटा आहेत. बीओएल म्हणजे मुख्यतः शाळेत, मधूनमधून कंपनीत. बीबीएल म्हणजे नोकरी करत शिकायचं, साधारण चार दिवस काम आणि एक दिवस शाळा. ही दुसरी वाट म्हणजे जवळपास तुमच्याच घरची पद्धत. प्रशिक्षण देणाऱ्या कंपन्यांना एसबीबी नावाची संस्था मान्यता देते. ती कंपन्या आणि शाळा मिळून चालवतात, हा भाग बघण्यासारखा आहे.

पण तुमच्या प्रश्नापुरतं बोलायचं तर उट्रेख्टला येऊ नका. आमच्याकडे प्रात्यक्षिक परीक्षा कामाच्या जागीही होते, ते खरं. पण प्रमाणपत्रासाठी डच भाषेची वेगळी परीक्षा असतेच, आणि निर्वासित मुलं इथेही नेमकी तिथेच अडतात. तुम्ही आठवडाभर आमच्याबरोबर बसून तीच तक्रार डचमध्ये ऐकाल. शिवाय उट्रेख्ट तुम्हाला ट्रेनने दोन-तीन तासांवर, एरवीही येता येईल. अनुदान दूरच्या जागेसाठी वापरा.

---

उत्तरध्रुव: मी टाम्पेरेच्या जवळपासच्या एका व्यवसाय महाविद्यालयात इलेक्ट्रिकल विभागात आहे. दरवर्षी पाहुणे शिक्षक येतात आणि त्यातले बरेच माझ्या गळ्यात पडतात, त्यामुळे यजमानाच्या बाजूने सविस्तर लिहितो.

तुमचा प्रश्न परीक्षेचा असेल तर फिनलंडच. २०१८ पासून इथे नवा कायदा आहे. सगळ्यांनी एका दिवशी बसून द्यायची अंतिम परीक्षा नाही. मूळ व्यावसायिक पात्रता १८० क्षमता-गुणांची, तिचे तुकडे पाडलेले. व्यवसायाच्या प्रत्येक तुकड्याला 'न्याय्त्तो', म्हणजे मुलाने शक्यतो खऱ्या कामाच्या जागी खरं काम करून दाखवायचं. मूल्यमापन करणारे दोघं: एक शिक्षक, एक त्या क्षेत्रात काम करणारा माणूस. श्रेणी १ ते ५. प्रत्येक मुलाचा स्वतंत्र आराखडा असतो, त्याला होक्स म्हणतात. ज्याला आधीच येतंय त्याने ते दाखवावं आणि पुढे जावं. कारखान्यात काही वर्षं घालवून आलेला माणूस लेथचा भाग पटकन उरकतो, नुकता शाळा सोडून आलेला पोरगा सावकाश. प्रवेशही वर्षभर चालू असतात, त्यामुळे वर्गात सगळे एकाच पानावर कधीच नसतात.

आता दुसरी बाजू. पाहुण्यांना पहिल्या दिवशी जे सादरीकरण दाखवतात त्यात हे येत नाही. होक्सची नोंद, बदल, पुन्हा नोंद यात शिक्षकाचा जीव जातो. सुधारणेच्या आधीच्या वर्षांत पैशाला मोठी कात्री लागली होती, आणि शिकवायचे तास कमी झाले ही ओरड आजही आहे. ज्या मुलाला स्वतःहून पुढे जाता येत नाही तो या पद्धतीत हरवतो. भाषेचं म्हणाल तर फिनिश कच्ची असेल तर इथेही त्रास आहेच. त्यासाठी २०२२ च्या ऑगस्टपासून तुवा नावाचा वर्षभराचा तयारीवर्ग सुरू झालाय. तो मागून घ्या, एक सकाळ पुरे. बहुतेक पाहुणे तिकडे फिरकतच नाहीत, कारण तिथे चकाचक यंत्रं नसतात.

आता काय करावं ते सांगतो.

यजमानाला पहिल्याच ईमेलमध्ये लिहा की मला न्याय्त्तो बघायचाय, तो ज्या आठवड्यात असेल त्या आठवड्यात मी येते. हे नाही लिहिलंत तर तुम्ही याल तेव्हा मुलं कारखान्यात असतील आणि तुम्हाला रिकामं वर्कशॉप दाखवलं जाईल. ऑक्टोबरच्या मध्यावर, ४२व्या आठवड्यात, इथे शरदातली सुट्टी असते, तो टाळा. कंपनीत जाऊन बघायचं तर कंपनीची परवानगी आधी लागते. सेफ्टी शूज स्वतःचे आणा.

एकाच शिक्षकाला चिकटून राहा. येणारे गट लग्नाच्या वऱ्हाडासारखे फिरतात: ब्युटी पार्लर विभाग, बेकरी विभाग, वेल्डिंग सिम्युलेटर, फोटो, पुढे चला. एकदा तर एका गटाने मला शेवटच्या दिवशी विचारलं होतं की तुम्ही नेमकं काय शिकवता. पहिल्या दिवशी एवढी फेरी ठीक आहे. उरलेले दिवस एकाच मशिनिंग शिक्षकाच्या मागे: त्याच्या वर्गात, त्याच्या मीटिंगमध्ये, मुलाशी तो होक्सवर बोलतो तेव्हाही. मुलाला विचारून बसायचं, इथली मुलं सहसा हो म्हणतात.

आणि जेवण सकाळी ११ च्या सुमारास असतं. मुलांना ते फुकट, व्यवसायशाळेतसुद्धा. उशिरा गेलात तर बटाटे उरतील.

---

डोंगरदरी: मी बास्क प्रदेशात जाऊन आलोय, ऑस्ट्रियातून. मशिनिंगवाल्या माणसाला तिकडचं आकर्षण वाटणं साहजिक आहे. गिपुस्कोआ जिल्ह्यातलं एल्गोइबार हे मशिन टूल्सचंच गाव, तिथे मशिन टूलला वाहिलेली शिक्षणसंस्थाच आहे. एरेन्तेरियातलं त्क्निका हे व्यवसायशिक्षणाचं संशोधन केंद्र. त्यांनी एताझी नावाची पद्धत आणली: विषयवार तासिका नाहीत, मुलांच्या गटाला एक आव्हान द्यायचं, आणि शिक्षकांची टीम मिळून वेळापत्रक ठरवणार. भिंती सरकवता येतील अशा खोल्या. बघून हेवा वाटतो.

पण दोन गोष्टी. ते शिकवण्याची पद्धत बदलतायत, तुम्हाला हवी आहे परीक्षा. आणि वर्कशॉपमध्ये बोलणं बास्क किंवा स्पॅनिशमध्ये, तुम्ही कुणाच्या तरी इंग्रजीवर अवलंबून राहणार. यंत्राशेजारी उभं राहून शिक्षक मुलाला काय सुनावतोय हेच तर ऐकायला आपण जातो.

---

फाईलबहाद्दर: कागदपत्रांचं मी सांगते, आमच्या शाळेतलं हे काम माझ्याकडे असतं.

शिक्षकाला वैयक्तिक अर्ज करता येत नाही, शाळाच करते. तुमच्याकडे मान्यता आहे म्हणजे मोठा डोंगर पार झालाय. जॉब शॅडोइंग २ ते ६० दिवस, प्रत्यक्ष शिकवायला जाणं २ ते ३६५ दिवस, कोर्स २ ते ३० दिवस. कोर्सची फी मिळते दिवसाला ८० युरो, एका माणसाला एकूण ८०० पर्यंत. म्हणूनच समुद्रकिनाऱ्याच्या गावांत 'वर्गातील सर्जनशीलता' छापाचे कोर्स उगवलेत. तुम्ही कोर्सच्या वाटेला जाऊ नका. पाच देशांतल्या शिक्षकांबरोबर हॉटेलच्या हॉलमध्ये चिकटचिठ्ठ्या लावून तुमच्या प्रश्नाचं काही होणार नाही.

प्रवासखर्च अंतरावर ठरतो. टाम्पेरे ५०० ते १९९९ किलोमीटरच्या गटात येईल, त्याला ३०९ युरो. ट्रेन-बोटीने हरित प्रवास केलात तर ४१७. ट्राव्हेम्युंडेहून हेलसिंकीला बोट जाते, एक रात्र आणि वर बराचसा दिवस मोडतो. जास्तीचे प्रवासदिवस मिळतात, पण शाळा तेवढे तास सोडेल का ते बघा. राहण्याचा दैनिक भत्ता देशागणिक वेगळा, पहिले १४ दिवस पूर्ण, पुढे ७० टक्के.

जाण्याआधी लर्निंग ॲग्रीमेंट लागतं, काय शिकणार ते त्यात लिहायचं. लोक तिथे गोलगोल वाक्यं भरतात. तुम्ही सरळ लिहा: अमुक इतके न्याय्त्तो बघेन, गुणपत्रक आमच्या टीमला समजावून देईन. दोन्ही शाळांच्या सह्या झाल्या की यजमानालाही ते पाळावं लागतं.

ए-वन प्रमाणपत्र विसरू नका. दुसऱ्या देशात कामासाठी जाताना सामाजिक विमा जर्मनीतच चालू आहे याचा तो पुरावा. शाळेच्या ऑफिसला बहुधा आठवण करून द्यावी लागेल. आरोग्यविम्याचं युरोपियन कार्ड पाकिटात ठेवा, बहुतेकदा आपल्या जर्मन विमाकार्डाच्या मागच्या बाजूलाच असतं.

भारतीय पासपोर्ट: जर्मन निवास परवाना आणि पासपोर्ट दोन्ही जवळ असले की शेंगेन देशांत १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं. तुमचे तिन्ही पर्याय शेंगेनमधले. पुढेमागे आयर्लंडचं निघालं तर मात्र व्हिसा लागेल, जर्मन परवाना तिथे चालत नाही. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, पण २०१४ पासून इरॅस्मसच्या बाहेर राहिल्याने तिथली देवाणघेवाण त्यांच्याच मोव्हेटिया या संस्थेमार्फत चालत आली आहे.

---

जॉबकार्ड: मॅडम, मी नाशिककडच्या एका आयटीआयत टर्नर ट्रेडला इन्स्ट्रक्टर आहे. तुमचा धागा वाचून वाटलं, दुखणं सगळीकडे सारखंच. आमच्याकडे जॉब (यंत्रावर बनवायचा भाग) उत्तम करणारा मुलगा थिअरीत लटकतो. आमच्यापैकी कुणाला या योजनेतून येता येतं का?

एक सुचवू का? जाताना तुमच्या मुलांनी केलेले दोन जॉब आणि त्यांचं ड्रॉइंग बरोबर न्या. एक चांगला, एक थोडा मापाबाहेर गेलेला. तिथल्या मास्तरांना सांगा, याला गुण द्या. मायक्रोमीटर हातात घेऊन ते काय बघतात, आधी माप की आधी फिनिशिंग, की मुलाने काम कसं केलं तेच विचारतात, हे दहा मिनिटांत कळेल. सेमिनारमध्ये कळणार नाही.

---

फाईलबहाद्दर: जॉबकार्ड, अर्ज फक्त कार्यक्रमात सामील देशांतल्या संस्थांना करता येतो, भारत त्यात नाही. पण उलट बाजूने दार किलकिलं आहे: २०२१ पासून युरोपातल्या व्यवसायशाळा आपल्या निधीतला काही भाग वापरून शिक्षकांना युरोपाबाहेरही पाठवू शकतात. म्हणजे लेथवाली यांची शाळा त्यांना नाशिकला पाठवू शकेल, तुम्हाला तिकडे नेणं या पैशातून जमणार नाही. बाडेन-व्युर्टेमबर्ग आणि महाराष्ट्र यांच्यात कुशल मनुष्यबळाबाबत २०२४ मध्ये करार झालाय, पण तो कामगारांसाठी. त्याची गल्लत नको.

---

उत्तरध्रुव: जॉबकार्ड यांची कल्पना झकास. एवढी भर: आमच्याकडचा शिक्षक बहुधा तुम्हाला म्हणेल की नुसत्या तुकड्याला गुण देता येत नाहीत, मुलगा कुठाय? काम कसं आखलं, स्वतः कसं तपासलं, चूक कशी सांगितली, हे निकषांतच आहे. वाद घाला. जमलं तर त्या मुलाला व्हिडिओ कॉलवर घ्या.

लोखंडाचे तुकडे हातातल्या बॅगेत नका ठेवू, सिक्युरिटीला समजावत बसाल.

---

निव्वळ_वाचक: बरं, हा धागा सहलीचा निघाला नाही. तरी एक शंका: टाम्पेरेत बघितलेलं जर्मनीत लागू कसं करणार? परीक्षा मंडळाची आहे, शिक्षकाच्या हातात काय आहे?

---

लेथवाली: सगळ्यांचे आभार. टाम्पेरे नक्की केलं, कोऑर्डिनेटरला कळवलंय.

निव्वळ_वाचक, रास्त प्रश्न. अंतिम परीक्षा मी बदलू शकत नाही. पण शाळेचं प्रगतिपत्रक आमच्या हातात असतं आणि वर्गातल्या चाचण्या आम्हीच काढतो. शिवाय मंडळाच्या परीक्षा समितीत शिक्षकही असतात, मी दोन वर्षांपासून आहे. पेपर स्टुटगार्टचाच राहणार, पण प्रात्यक्षिकाच्या वेळी मुलाशी बोलताना मी काय विचारायचं हे तर मीच ठरवते. तिथे तेवढं बदललं तरी या पोरांसाठी पुष्कळ आहे.

जॉबकार्ड, दोन नाही, तीन जॉब नेते. तिसरा तुमच्या मुलांपैकी कुणाचा मिळेल का? आईबाबा पुण्याहून जानेवारीत इकडे येणार आहेत, त्यांच्याबरोबर पाठवता येईल. ड्रॉइंग मात्र आधी ईमेलने द्या.

उत्तरध्रुव, यजमानाला पाठवायचं पत्र लिहून झालंय, व्यक्तिगत निरोपात पाठवते. एकदा नजर टाकाल का? न्याय्त्तोचे आठवडे साधारण कधी लागतात तेही त्यातच विचारलंय.

---

उत्तरध्रुव: पाठवा. ठरलेले आठवडे नसतात, मुलागणिक वेगळे. म्हणून पत्रात तारीख तुम्ही देऊ नका, त्यांच्याकडून तीन मागा आणि त्यातली एक निवडा. मार्च-एप्रिल मिळाला तर उजेडही असेल. फक्त फेब्रुवारीअखेर ते मार्चच्या सुरुवातीला हिवाळी सुट्टी असते, ती कुठल्या आठवड्यात ते विचारून घ्या.

---

जॉबकार्ड: मॅडम, ड्रॉइंग उद्या पाठवतो. जॉब एमएसचा (माइल्ड स्टील), स्टेप टर्निंग आणि थ्रेड. ज्याने केलाय तो पोरगा थिअरीत दोनदा गेलाय, त्याचाच निवडला.