मदत हवी आहे: रात्रीच्या स्वस्त विजेवर पाणी तापत नाही (हॅरो, लंडन)

हॅरोवासी
आमच्या भाड्याच्या फ्लॅटमध्ये गॅस नाही. गरम पाण्याची टाकी कपाटात आहे आणि ती रात्रीच्या स्वस्त विजेवर तापते, एवढेच घरमालकांनी सांगितले होते. गेले तीन आठवडे सकाळची पहिली अंघोळ झाली की पाणी कोमट होते, आणि बिल मात्र वाढले आहे. थर्मोस्टॅट बदलावा की पूर्ण हीटर, एवढेच कृपया सांगावे. शनिवारी प्लंबर येणार आहे.

तारयंत्री
एवढ्या माहितीवर काहीही बदलण्याचा सल्ला देणे योग्य होणार नाही. टाकी किती लिटरची आहे, तिला हीटर एक आहे की दोन, कपाटात स्विच किती आहेत, आणि मुख्य म्हणजे सकाळी जे थोडे पाणी गरम मिळते ते कशामुळे तापते, हे आधी सांगा.

चुनखडी
हॅरोचे पाणी जड आहे. माझ्या हीटरवर इतका क्षार साचला होता की काढताना तो टाकीच्या तोंडातून बाहेर येईना. सरळ नवा हीटर बसवून घ्या, निदान करण्यात वेळ घालवू नका.

हॅरोवासी
टाकीवर 210 लिटर असे लिहिले आहे. स्विच दोन आहेत. पाणी पुरत नाही म्हणून मी रोज रात्री झोपण्यापूर्वी एक तास ‘बूस्ट’ लावते. हे सांगायचे राहिले, पण ते सगळेच करतात ना?

तारयंत्री
ताई, हीच तर महत्त्वाची गोष्ट होती. अशा टाकीला 3 किलोवॅटचे दोन हीटर असतात. खालचा रात्रीच्या दराच्या वेगळ्या तारेवर चालतो आणि पूर्ण टाकी तापवतो. वरचा बूस्टवर, केव्हाही, आणि दिवसा लावला तर दिवसाच्या दराने, फक्त आपल्या वरचे पाणी तापवतो. एक तासाचे 3 युनिट म्हणजे सुमारे 50 लिटर पाणी 10 अंशांवरून 60 अंशांवर, अर्थात तुमची ती एक अंघोळ. खालचा हीटर बहुधा चालतच नाही.

कोथरूडकर
आमच्या पुण्याच्या गच्चीवर सौर बंब आहे आणि वर्षातले दहा महिने विजेचा प्रश्नच येत नाही. तिकडे लोक सौर का बसवत नाहीत, हे मला कळत नाही.

चुनखडी
भाड्याच्या फ्लॅटला स्वतःची गच्ची नसते, काका.

मितव्ययी
माझा अनुभव वेगळा आहे. मी वरचा हीटर दिवसभर चालू ठेवतो; थर्मोस्टॅट आपोआप बंद करतो, त्यामुळे फार खर्च येत नाही. शिवाय तापमान 50 अंशांवर आणले की बचतच बचत.

तारयंत्री
दोन्ही सल्ल्यांशी मी असहमत आहे. थर्मोस्टॅटने बंद केला तरी वापरलेले पाणी पुन्हा तापते ते दिवसाच्याच दराने. आणि साठवणीच्या टाकीत पाणी 60 अंशांवर ठेवायचे ते लिजिओनेला जिवाणू वाढू नयेत म्हणून. काटकसरीसाठी याखाली जाऊ नये.

हॅरोवासी, आज झोपताना आणि उद्या उठल्यावर मीटरवरचे दिवसाचा आणि रात्रीचा असे दोन्ही आकडे टिपून ठेवा, मात्र आज बूस्ट लावू नका. पूर्ण टाकी तापायला सुमारे 12 युनिट, म्हणजे चार तास लागतात. थर्मोस्टॅटच्या झाकणाखाली, जास्त तापल्यामुळे तुटलेली वीज पुन्हा जोडणारे बटणही असते, पण मेन स्विच बंद केल्याशिवाय झाकण उघडू नका. आणि मीटर अलीकडे बदलले आहे का?

हॅरोवासी
रात्रीचा आकडा जेमतेम 1 युनिटने वाढला, दिवसाचा जवळपास नाहीच. होय, मीटर बदलले; रेडिओचे मीटर बंद होणार म्हणून विद्युत पुरवठादाराचा माणूस नवीन स्मार्ट मीटर बसवून गेला. साधारण तीन आठवडे झाले असतील. त्याचा पाण्याशी काय संबंध?

तारयंत्री
तोच संबंध आहे! जुन्या मीटरशेजारचा स्विच बीबीसी रेडिओ 4 च्या 198 किलोहर्ट्झच्या लाँगवेव्ह लहरींवरून येणाऱ्या संकेताने रात्री जोडला जात असे. ती सेवा 30 जून 2025 पासून टप्प्याटप्प्याने बंद होऊ लागली. नव्या मीटरच्या रात्रीच्या टोकाला तुमची वेगळी तार जोडली गेली नसेल, तर खालच्या हीटरला वीजच मिळणार नाही. ते 1 युनिट फ्रिज आणि राउटरचे असावे. रात्रीच्या विजेवर आतल्या विटा तापवून दिवसा खोली उबदार ठेवणारे स्टोरेज हीटर उन्हाळ्यात बंद असतात, म्हणून ते मेले आहेत हे कोणाच्या लक्षात येत नाही. आज रात्री एक स्टोरेज हीटर भिंतीच्या स्विचवर चालू करून पाहा. पहाटे विटा गार असतील, तर दोष टाकीचा नाही.

चुनखडी
विटा गार निघाल्या, तरी क्षार काढावाच लागेल.

हॅरोवासी
पहाटे पाच वाजता हात लावून पाहिला, अगदी गार. रात्रीच्या फ्यूज बोर्डवरचे सर्व स्विच वर आहेत, तरीही काहीच चालत नाही. प्लंबरला नको म्हणून कळवले. इलेक्ट्रिशियन बोलवू?

तारयंत्री
नको. मीटरला सील असते, त्यामुळे ते काम पुरवठादाराचेच आहे. ‘मीटर बदलल्यापासून रात्रीचा पुरवठा बंद आहे’ असे लेखी कळवा आणि आकडे तारखेसह जोडा. घरमालकांनाही कळवा, पाणी तापवण्याची यंत्रणा दुरुस्त ठेवणे ही कायद्याने त्यांची जबाबदारी आहे.

हॅरोवासी
सर्वांचे आभार. पुरवठादाराचा माणूस आज येऊन गेला. रात्रीच्या तारेचे टोक चिकटपट्टी गुंडाळून मीटरच्या पेटीत तसेच ठेवलेले होते. जोडायला वीस मिनिटेही लागली नाहीत. तीन आठवडे बूस्टवर गेलेल्या युनिटांबद्दल तक्रार नोंदवली आहे. एक शंका मात्र आहे. स्वस्त दर साडेबाराला सुरू होतो असे बिलावर छापले आहे, तर मी कपडे धुण्याचे यंत्र साडेबाराला लावू का?

तारयंत्री
बिलावर ती वेळ ग्रिनिच प्रमाणवेळ म्हणून लिहिली आहे का, ते पाहा. तसे असेल तर उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे असते, म्हणून यंत्र दीड वाजता लावा.