मदत हवी आहे: झेब्रा प्लेको मासा आजारी, परवा मार्च एंड

चौथी_गल्ली
लवकर सांगा प्लीज. माझा झेब्रा प्लेको (सगळ्यात मोठा नर, सहा वर्षं माझ्याकडे आहे) कालपासून टँकमधल्या गुहेत जात नाहीये. फिल्टरची धार पडते तिथे काचेला चिकटून बसलाय, कल्ले भराभर हलतायत. खाणं बंद. मी बँकेत आहे, शाखेत आम्ही चौघंच. 31 तारखेला घरी यायला रात्रीचे दहा-अकरा होणार. मागच्या मार्चमध्ये एकाने वडिलांच्या मोतीबिंदूसाठी रजा मागितली तर त्याला काय काय ऐकावं लागलं! मासा आजारी म्हटलं तर वर्षभर हसतील. घरी फक्त आई, तिला टँकमधलं काही कळत नाही. कुत्र्या-मांजरांच्या दोन डॉक्टरांना फोन केला, मासे बघत नाही म्हणाले. कुठलं औषध घालून सकाळी निघू?

मत्स्यावतार
मिथिलीन ब्लू. डोळे मिटून घाला. सोबत हीटर 32 वर. माझा ऑस्कर मासा यानेच वाचला.

शाळू
घालू नका! टँक किती लिटरचा? पाणी कधी बदललं? पाण्यात अमोनिया, नायट्राइट (माशांच्या घाणीतून होणारं विष) किती?
मत्स्यावतार, मिथिलीन ब्लू मेन टँकमध्ये घातलं की फिल्टरमधले घाण पचवणारे जिवाणू जातात. आणि जो मासा धारेखाली जाऊन बसलाय त्याला श्वास पुरत नाहीये. 30 अंशाला पाण्यात प्राणवायू लिटरला जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो. अजून तापवून अजून कमी करायचा का?

मत्स्यावतार
पुस्तकी ज्ञान तुमच्यापाशीच ठेवा. अठरा वर्षं मासे पाळतोय.

कालव्याकाठी
अवांतर आहे, पण विचारतोच. हा मासा मूळचा ब्राझीलच्या शिंगू नदीतला, तिच्या एका वळणाशिवाय जगात कुठे नाही, आणि नेमकं तिथेच बेलो मोंते धरण झालं. नदीतून पकडलेले बाहेर न्यायला तिकडे बंदी आहे. तुमच्याकडे कुठून आला? केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अशा विदेशी प्राण्यांची नोंदणी असते, ती केलीत?

चौथी_गल्ली
घरच्या पैदाशीतला आहे, ठाण्याच्या एका ब्रीडरकडून घेतला, पावती आहे. तो वाद आत्ता नको हो.
टँक 120 लिटर. 29 अंश. पाणी तपासायचं टेस्ट किट संपलंय. पाणी रविवारी बदललं, नेहमीसारखंच.

ईशान्य
टँकचं तोंड कुठल्या दिशेला आहे?

पिंपळाखाली
नेहमीसारखंच म्हणजे किती? आणि कुठलं पाणी?

चौथी_गल्ली
अर्धं. सोसायटीचं. शनिवारी टाकी धुतली होती, त्यामुळे टँकरचं असेल. फिल्टरही धुतला. मार्च एंडला वेळ मिळणार नाही म्हणून सगळं एकदम उरकलं.

पिंपळाखाली
फिल्टरचा स्पंज नळाखाली धुतला?

चौथी_गल्ली
हो, पाणी स्वच्छ येईपर्यंत.

पिंपळाखाली
झालं मग. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने स्पंजमधले जिवाणू धुऊन निघाले, माशांची घाण पचवायला टँकमध्ये कोणी उरलं नाही. औषध विसरा. बाकीचे प्लेको कसे आहेत?

चौथी_गल्ली
तिघं बरे आहेत, गुहेतच असतात.

शाळू
टॉर्च मारून बघा.

चौथी_गल्ली
बघितलं. तिघांचे कल्ले तसेच चाललेत.

शाळू
आत्ताच्या आत्ता दोन बादल्या, म्हणजे 40 लिटर बदला. अँटिक्लोरीन (क्लोरीन घालवायचं औषध) घालून, टँकइतकंच कोमट. एअर पंप रात्रभर फुल. दोन दिवस खायला काही नाही. किट आणाच.

मत्स्यावतार
मूठभर मीठ टाका, आमच्या आजोबांपासून...

शाळू
मूठभर नको, प्लेको आहे, त्याला जास्त मीठ सोसत नाही. 10 लिटरला 1 ग्रॅम, तुमच्या टँकला 12. नायट्राइट असेल तर मिठातला क्लोराइड त्याला कल्ल्यातून आत शिरू देत नाही. अमोनियावर त्याचा उपयोग नाही.

मत्स्यावतार
म्हणजे मीठच ना? तेच म्हणत होतो.

आजोळ
रजेचं सांगते. मासा म्हणायचंच नाही, "घरात आजारपण आहे" म्हणायचं. खोटं कुठे आहे त्यात?

दोन_नंबर_काउंटर
31 ला हे कोणी ऐकून घेत नाही ताई, मीही बँकेतच आहे. दादा, जेवणाच्या सुट्टीत घरी जाता येईल का? शाखा किती लांब आहे?

चौथी_गल्ली
स्कूटरवर 12 मिनिटं. हे डोक्यातच आलं नाही.

दोन_नंबर_काउंटर
😐

पिंपळाखाली
मग दुपारचं तुम्ही करा, संध्याकाळचं आईंवर सोडा. सकाळीच एक बादली अँटिक्लोरीन घालून टँकशेजारी ठेवा. मार्करने काचेवर रेघ मारा: इथपर्यंत पाणी काढायचं आणि बादलीतलं तांब्याने हळूहळू घालायचं. भरलेली बादली उचलायला लावू नका. मासा कळायची गरज नाही, रेघ कळली की झालं.
मी पुण्यात वारज्याला राहतो. चालू फिल्टरमधला अर्धा स्पंज कापून देतो, त्यातले जिवाणू लगेच कामाला लागतात. सकाळी साडेसातला उड्डाणपुलाखाली या. ओला ठेवायचा, नळाखाली धरायचा नाही!

शाळू
तुमच्या टँकमध्ये आत्ता काही रोग नाही ना?

पिंपळाखाली
वर्षभरात नवीन मासा आणलेला नाही.

चौथी_गल्ली
येतो. पाणी बदलून झालं. अजून धारेखालीच आहे. आई टँकसमोर खुर्ची टाकून बसलीये, कल्ले मोजतेय, मला म्हणते तू झोप.

ईशान्य
दिशा सांगितली नाहीत.