मदत हवी आहे: ४यू १७००-३७ मध्ये न्यूट्रॉन तारा की कृष्णविवर?

एमएस्सीच्या प्रकल्पासाठी ४यू १७००-३७ या क्ष-किरण द्वैती ताऱ्यावर काम करतो आहे. सहचर एचडी १५३९१९ हा ओ प्रकारचा महाराक्षसी तारा, कक्षाकाल ३.४१ दिवस, ग्रहणेही होतात. अडचण दुसऱ्या, दाट घटकाच्या वस्तुमानाची आहे. २००२ च्या एका अभ्यासात ते सुमारे २.४ सौरवस्तुमान आले, म्हणजे न्यूट्रॉन तारा आणि कृष्णविवर यांच्या नेमके सीमारेषेवर! नंतरचे अंदाज २ च्या आसपास आहेत, पण सगळेच सहचराच्या वस्तुमानावर टेकलेले.

नूस्टार या क्ष-किरण अवकाश दुर्बिणीचा सार्वजनिक डेटा घेतला. वेळा सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला आणि द्वैतीच्या कक्षेला दुरुस्त केल्या, ग्रहणाचा भाग वगळला, पॉवर स्पेक्ट्रम आणि इपॉक फोल्डिंग (नियमित आवर्तन शोधण्याच्या पद्धती) दोन्ही केले. न्यूट्रॉन तारा सिद्ध करेल असे खात्रीचे स्पंदन (ताऱ्याच्या फिरण्याबरोबर होणारा नियमित चढउतार) नाही. वर्णपट मात्र न्यूट्रॉन ताऱ्यासारखा: कठीण पॉवर लॉ (वाढत्या ऊर्जेबरोबर सावकाश घटणारा) आणि उच्च ऊर्जेला कटऑफ. सायक्लोट्रॉन रेषेचा (न्यूट्रॉन ताऱ्याच्या प्रबळ चुंबकक्षेत्राची खूण) दावा प्रसिद्ध झालेला आहे, पण माझ्याकडे ती कंटिन्युअमचे (वर्णपटाच्या सलग भागाचे) मॉडेल बदलले की नाहीशी होते, म्हणून तिच्यावर भिस्त ठेवायची नाही.

नवे निरीक्षण मिळणार नाही, आहे त्याच डेटावर भागवायचे आहे. सहचराच्या वाऱ्यातून होणाऱ्या अनियमित अभिवृद्धीमुळे (द्रव्य ओढून घेण्यामुळे) शेकडो सेकंदांच्या आवर्तनकालांना रेड नॉइज (मंद, अनियमित चढउतार) फार आहे. अशा वेळी स्पंदित अंशाची (एकूण क्ष-किरणांतील स्पंदनाच्या वाट्याची) वरची मर्यादा विश्वासार्हपणे कशी काढायची? आणि ती मिळाली, तरी तिच्यावरून न्यूट्रॉन तारा नाकारता येतो का?