ड्रिल फाइलमधलं होल बोर्डापासून सव्वासहा फूट लांब! चूक माझी की व्हेंडरची?

मागवाला_इचल
नमस्कार मंडळी. इचलकरंजीत यंत्रमागाची छोटी कंट्रोल कार्डं करतो. सूत तुटलं की मोटर बंद, एवढंच काम. १०० बाय ८० एमएमचा डबल साइड बोर्ड, एक रिले, दोन ऑप्टो, पाच व्होल्ट देणारी एक ७८०५ चिप. डिझाइन एका मित्रानं सात वर्षांपूर्वी केलेलं, तो आता दुबईला. माझ्याकडे फक्त गर्बरची झिप, म्हणजे बोर्डाचे थर आणि होलं सांगणाऱ्या फायली.

याच झिपवर एका व्हेंडरकडून सहा वेळा बोर्ड करून घेतले, एकदाही तक्रार नाही. त्यांनी धंदा बंद केला म्हणून या वेळी दुसरीकडे पाठवली. काल फोन आला, "सर, तुमची होलं बोर्डाच्या बाहेर चाललीत." स्क्रीनशॉटमध्ये खाली कोपऱ्यात माझा बोर्ड माशीएवढा, आणि होलं आभाळात चांदण्या पसरल्यासारखी. एक तर ७५ इंच वर!

नोटपॅडमध्ये फाइल उघडली. पहिली ओळ एम४८, मग नुसतं 'इंच', मग टी०१ सी०.०३२०. खाली एक्स१५०००वाय७५०० असल्या ओळीच ओळी. मी म्हणतो फाइल सहा वेळा चाललीय, तुमचं सॉफ्टवेअर बघा. ते म्हणतात फाइल अर्धवट आहे. ५० बोर्ड अडकलेत आणि गिऱ्हाईक रोज दारात. कुणाचं खरं?

फिल्मवाले_काका
भांडू नका, ते म्हणतायत ते खरं आहे आणि तुमचंही खोटं नाही.

तुमचीच ओळ घ्या. या जुन्या एक्सेलॉन फायलींत, म्हणजे होलं कुठे पाडायची ते सांगणाऱ्या फायलींत, दशांश चिन्ह नसतं. फॉरमॅट २:४ दिसतोय, म्हणजे दोन घरं पूर्णांकाची, चार अपूर्णांकाची, एकूण सहा. १५००० ला पाचच आकडे. मग गाळलेलं शून्य पुढचं की मागचं? पुढचं धरलं तर ०१५०००, म्हणजे दीड इंच. मागचं धरलं तर १५००००, म्हणजे १५ इंच. वायच्या ७५०० ला दोन घरं कमी. एका वाचनानं पाऊण इंच, दुसऱ्यानं ७५. झाले तुमचे सव्वासहा फूट.

'इंच' शब्दापुढे स्वल्पविराम देऊन 'टीझेड' लिहिलेलं हवं होतं. मागची शून्यं शाबूत आहेत, एवढंच त्यातून कळतं. ते नाही, म्हणून ज्याच्या त्याच्या सॉफ्टवेअरनं आपापला अंदाज केला.

आता जुन्या व्हेंडरकडे सहा वेळा चाललं कसं? चाललं नाही हो, कुणीतरी चालवलं. मी भोसरीत २६ वर्षं कॅमला, म्हणजे आलेल्या फायली मशीनसाठी तयार करायला, बसलो. अशी फाइल आली की मुकाट्यानं सेटिंग बदलायचं, भोकं पॅडवर, म्हणजे तांब्याच्या टिकल्यांवर, बसली की पुढे ढकलायचं. गिऱ्हाइकाला फोन करत बसायला वेळ कुणाला? त्या चांगुलपणानंच तुमची फाइल सात वर्षं आजारी राहिली.

आणखी एक गंमत. गर्बरच्या हेडरमधला 'एल' म्हणजे पुढची शून्यं गाळली. एक्सेलॉनमधलं 'एलझेड' म्हणजे पुढची शून्यं ठेवली! एकाच झिपमधल्या दोन फायलींत एकच अक्षर उलट्या अर्थानं. नव्या पोरांना हे पाठ करून घ्यायचो मी.

आमच्या काळी गर्बरचंही असंच होतं. फोटोप्लॉटरला, म्हणजे प्रकाशानं फिल्मवर बोर्डाचं चित्र काढणाऱ्या यंत्राला, २४ खिडक्यांचं चाक. डी०१ म्हणजे दिवा लावून रेघ ओढ, डी०२ म्हणजे दिवा बंद करून सरक, डी०३ म्हणजे जागेवर एकदा चमक. डी१० पासून पुढे खिडक्यांचे नंबर, पण कुठली गोल, कुठली चौकोनी, केवढी, हे फायलीत नाहीच. वेगळ्या कागदावर. एकदा फॅक्सवर आलेल्या यादीत मी १० मिलचा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ट्रॅक ४० वाचला. शेजारचे ट्रॅक एकमेकांना चिकटले, १२० बोर्ड भंगारात, आणि मालकांसमोर मी. पुढे आरएस-२७४एक्स हा नवा गर्बर प्रकार आला, यादी फायलीतच आली. जुन्या प्रकाराला तर गर्बर फॉरमॅट सांभाळणाऱ्या युकॅमको कंपनीनं २०१४ साली मोडीतच काढलं. ड्रिलचं दुखणं मात्र अजून चालूच.

अनुजा_लेआउट
काकांनी निदान केलंय, मी फक्त गोळी देते. नवीन फाइल काढायची वेळ आली तर किकॅड या बोर्ड डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या ड्रिल खिडकीत 'मिलिमीटर' आणि 'डेसिमल फॉरमॅट' निवडा. तुमची ती ओळ एक्स३८.१वाय१९.०५ अशी येईल, शून्यांचा प्रश्नच मिटला.

पाठवण्याआधी झिप स्वतः गर्बर व्ह्यूअरमध्ये उघडा. ज्यातून डिझाइन केलं त्यात नको, तिथे सगळं छानच दिसतं. ड्रिल वरच्या कॉपरवर टाकून बघा. खालच्या बाजूची अक्षरं उलटी दिसली पाहिजेत, कारण सगळे थर वरूनच बघायचे असतात. सरळ वाचता आली तर घाबरा. आणि मास्कची, म्हणजे बोर्डावरच्या हिरव्या थराची, फाइल जवळपास रिकामी दिसली म्हणून काही गेलं असं समजू नका, तिथे जे काढलेलं असतं तिथे हिरवा रंग *नसतो*.

मागवाला_इचल
काका, नोटपॅडमध्येच 'टीझेड' लिहून सेव्ह केली, व्ह्यूअरमध्ये टाकली. सगळी होलं पॅडवर बसली! व्हेंडरला दिलगिरीचा फोन केला.

अनुजाताई, तुमच्यामुळे अजून एक सापडलं. खालची अक्षरं उलटीच आहेत, पण स्क्रूची चारही होलं प्लेटेड होलांच्याच यादीत आहेत. म्हणजे आतून तांबं चढणार ना? खाली लोखंडी पेटी आहे, आणि होलाशेजारून २३० व्होल्टचा ट्रॅक जातो. सहा बॅचेस मी तशाच विकल्या.

फिल्मवाले_काका
चढणार. आता हे नोटपॅडमध्ये निस्तरू नका. बोर्ड किकॅडमध्ये नव्यानं काढा, ती चार भोकं एनपीटीएच, म्हणजे आतून तांबं नसलेली, करा, ट्रॅक तिथून लांब घ्या. पेटीला अर्थिंग आहे ना? विकलेल्या कार्डांचं आधी तेवढं बघून या, मग ५० ची ऑर्डर.

मागवाला_इचल
ऑर्डर थांबवली. पाच माग जवाहरनगरात आहेत, संध्याकाळी मीटर घेऊन तिकडेच चाललोय.