मिशनऱ्यांचा त्याग आणि रोजच्या जगण्यातला धर्मप्रसार: तुम्हाला काय वाटतं?

शाहूपुरीकर:
रविवारी चर्चमध्ये पाळकसाहेबांनी विचारलं, "रोजच्या जगण्यात सुवार्ता, म्हणजे येशूचा संदेश, कशी सांगता?" तेव्हापासून डोक्यात तेच चाललंय. १८५२ साली अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले, तेव्हा इथं ना ओळख ना पाळख. मिशनरी डॉक्टर वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत दवाखाना उभारला. माझी आजी मिशनच्या दवाखान्यात नर्स होती. ज्या जखमेकडं घरचे नाकाला पदर लावून बघायचे, तिची पट्टी ती कोमट पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवायची. "ओढली तर खपली निघते," म्हणायची. पेशंटशी धर्मावर कधी बोलली नाही. माझ्या मते खरा प्रसार तोच.

रंकाळाकाठ:
दादा, आजींना नमस्कार. माझा अनुभव मात्र उलटा. वडलांच्या बायपासचा दुसरा दिवस. एक गृहस्थ पत्रक घेऊन उशाशी आले, "प्रभूवर विश्वास ठेवा, बरे व्हाल." वडलांनी आयुष्यभर अंबाबाईचा शुक्रवार चुकवला नाही, आणि त्या दिवशी मान वळवायचंही त्राण नव्हतं. ज्याला 'नको' म्हणता येत नाही, त्याच्यापुढं धर्म काढायचाच नाही. मागं हेतू असला की त्याला त्याग म्हणवत नाही.

बावड्याची लेक:
त्याग घरच्यांचाही असतो, हे कुणी बोलत नाही. कवी ना. वा. टिळक १८९५ साली ख्रिस्ती झाले. पुढं त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईही झाल्या, पण मधली ताटातुटीची वर्षं त्या बाईनं कशी काढली असतील! टिळकांनी मराठी भजनं, अभंग सोडले नाहीत, म्हणून ते मला जवळचे वाटतात.

शाहूपुरीकर:
रंकाळाकाठ, ते पत्रक चुकलंच, आमच्यातल्या कुणी दिलं असलं तरी चुकलंच. पण हेतू असला की त्याग नाही, हे पटत नाही. वारीत पाणी वाटणाराही विठ्ठलासाठीच वाटतो. श्रद्धा नसती तर आजीला त्या जखमेला हात लावायचं बळ कुठनं आलं असतं? ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहॅम स्टेन्स ओडिशात कुष्ठरुग्णांची सेवा करत होते. १९९९ साली त्यांना दोन लेकरांसह जाळलं. त्यांच्या पत्नी ग्लॅडिसबाईंनी मारेकऱ्यांना क्षमा केली.

रंकाळाकाठ:
ग्लॅडिसबाईंपुढं हात जोडतो. पण वारीत पाणी देणारा "आधी माळ घाल" म्हणत नाही, दादा. वडील आता बरे आहेत. त्या दिवसाचा विषय निघाला की अजून गप्प होतात.