शेकोटीवर करायचं गोड, पण कमी साखरेचं… आयडिया द्या ना प्लीज

चौघांचा_तंबू_पाचवा_पाहुणा

पुढच्या महिन्यात दोन रात्री कॅम्पिंगला चाललोय, मी, नवरा, मुलगी ९ वर्षांची, मुलगा ४ चा आणि यावेळी सासरेपण येतायत, त्यांना डायबिटीस आहे. मागच्या वेळी रात्रीचं गोड म्हणजे नुसते मार्शमेलो आणि स्मोअर्स (दोन बिस्किटांत भाजलेला मार्शमेलो आणि चॉकलेट दाबलेले), पोरांनी इतके हाणले की धाकटा साडेअकरापर्यंत तंबूत उड्या मारत होता आणि मोठीचं पोट दुखायला लागलं. नवरा म्हणतो दोन दिवसांनी काय फरक पडतो, खाऊ दे. पण मला वाटतं काहीतरी मधला रस्ता असेल ना? गोड बंद करायचं नाहीये हां, शेकोटी आहे आणि गोड नाही असं झालं तर माझीच शेकोटी करतील.

सामान म्हणाल तर एक छोटा कूलर, एक लोखंडी पॅन, फॉइल आणि जाळी. ओव्हन वगैरे काही नाही. कोणी प्रत्यक्ष केलेलं असेल तेच सांगा, फोटोत छान दिसणारं नको.

राखेतली_केळी

ताई, केळं! एवढं सोपं दुसरं काही नाही. साल काढायची नाही. आतल्या वाकाच्या बाजूने देठापासून टोकापर्यंत उभा चिरा द्यायचा, खालची साल कापायची नाही, मग चिरा बोटांनी जरा फाकवून त्यात डार्क चॉकलेटचे बारीक तुकडे खोचायचे, एका केळ्याला १० ग्रॅम भरपूर झालं. अख्खं केळं फॉइलमध्ये गुंडाळून चिऱ्याची बाजू वर ठेवून निखाऱ्यांवर ८-१० मिनिटं. साल काळीकुट्ट होते, बघून वाटतं गेलं वाया, पण आत नुसतं कस्टर्ड झालेलं असतं, चमच्याने सालीतूनच खायचं म्हणजे भांडीपण नाहीत. केळं पिकताना त्यातल्या स्टार्चची साखर होत जाते त्यामुळे ठिपके पडलेलं केळं घेतलंत तर वरून साखर, मध काही म्हणजे काही लागत नाही. वर चिमूटभर मीठ टाकून बघाच एकदा.

आणि पोरांना चिरा स्वतः भरू द्या. आमच्याकडे निम्मं चॉकलेट भरतानाच पोटात जातं तो भाग वेगळा.

निखारा_बघून_ठेव

वरच्यांनी निखारे लिहिलंय ते ठळक करून वाचा, कारण ९० टक्के लोक तिथेच माती खातात (मीपण खाल्लीय). पहिल्यांदा सफरचंदं केली तेव्हा जाळ मस्त भडकलेला बघून त्यातच टाकली, २० मिनिटांनी बाहेरून कोळसा आणि आत दाताला कच्चं करकरीत, वर फॉइल उघडताना वाफेने बोट भाजलं ते वेगळंच. लाकूड पेटवल्यावर पाऊण तास तरी थांबायचं, ज्वाळा बसून निखाऱ्यांवर पांढरट राख धरली पाहिजे. तळहात वीतभर उंचीवर धरून बघा, ५-६ सेकंद टिकला तर आच बरोबर आहे, दोनच सेकंदात मागे घ्यावा लागला तर अजून थांबा. म्हणजे जेवण शिजवतानाच गोडाचा विचार करायचा, जेवण झाल्यावर नवीन लाकडं घातलीत तर गोड मिळायला मध्यरात्र होईल.

सफरचंद असं करा, वरून चमच्याने गाभा कोरायचा, बुडाला भोक पडू द्यायचं नाही नाहीतर सगळा रस निखाऱ्यात. आत ओट्स, बारीक चिरलेला खजूर, अक्रोड, दालचिनी आणि नखाएवढं बटर. दालचिनीने गोड नसलेलंही गोड लागतं, ही ट्रिक फुकटची आहे. दुहेरी फॉइल, निखाऱ्यांच्या मधोमध नाही तर कडेला, दर ५-७ मिनिटांनी चिमट्याने फिरवत २५-३० मिनिटं. झालं का बघायला उघडत बसू नका, फॉइलवरूनच सुरी टोचा, लोण्यात गेल्यासारखी गेली की झालं. आंबट फळं असतील तर फॉइलच्या आत बटर पेपर घाला, आंबटपणाने अ‍ॅल्युमिनियम थोडं थोडं पदार्थात उतरतं आणि चवही लागते. पण बटर पेपर बाहेर डोकावला की पेटतो, नीट आत दुमडा.

मोजून_खाणारी

मी जरा आकड्यातली आहे, सॉरी. एका नेहमीच्या मार्शमेलोत साधारण ४ ग्रॅम साखर असते, म्हणजे खरा व्हिलन तो नाहीच, चॉकलेट आणि बिस्किट धरून एक स्मोअर १५ ग्रॅमच्या आसपास जातो. जागतिक आरोग्य संघटनेची २०१५ ची गाइडलाइन सांगते की वरून घातलेली साखर (मध, सिरप, ज्यूस सगळं त्यात आलं) दिवसाच्या एकूण कॅलरीच्या १० टक्क्यांच्या आत हवी, ५ च्या आत तर उत्तम. चार वर्षांच्या मुलाला दोन स्मोअर्स झाले की दिवसभराचा कोटा जवळपास तिथेच संपला. अख्ख्या फळातली साखर यात धरत नाहीत, म्हणून केळं-सफरचंद हा खरंच वेगळा हिशोब आहे. "साखरेऐवजी मध घातला म्हणजे हेल्दी" हे मात्र डोक्यातून काढा.

सासऱ्यांसाठी मात्र फळातली साखरपण मोजायची बरं का. मध्यम केळ्यात २७ ग्रॅमच्या आसपास कार्ब असतात, त्यांना अर्धंच द्या, कमी पिकलेलं, सोबत मूठभर बदाम-अक्रोड. आणि त्यांचं औषध आणि जेवणाची वेळ कॅम्पवर पुढेमागे होणार असेल तर डॉक्टरांना आधी विचारून ठेवा, ते डेझर्टपेक्षा महत्त्वाचं आहे.

अजून एक, उड्या साखरेमुळे नव्हत्या हो 😀 कोणाला साखर दिलीय ते मुलांना, आईबापांना माहीत नसताना केलेल्या चाचण्यांचा आढावा १९९५ मध्ये आला होता, वागण्यात फरक सापडला नाही. तंबू, टॉर्च, अंधार आणि झोपेची वेळ टळलेली, एवढं चार वर्षांच्या पोराला पुरतं.

काडीवाला_काका

एक अनुभवाचं सांगतो. पोरांना मार्शमेलो नको असतो, काडी हवी असते. हातात लांब काडी, पुढे काहीतरी, आणि ते मी स्वतः भाजतोय. आम्ही काडीवर अननसाचा तुकडा, स्ट्रॉबेरी, मग एक मार्शमेलो, परत अननस असं लावतो. एकच मार्शमेलो, पण भाजायला तेवढाच वेळ आणि तेवढाच रुबाब. अननसाच्या कडा तपकिरी झाल्या की त्याची चव एकदम खुलते.

काडी घरून न्या, लाकडी असेल तर अर्धा तास पाण्यात भिजवा. तिथली कुठलीही फांदी तोडून लावू नका, कण्हेरीसारखी झुडपं विषारी असतात आणि अंधारात कोण ओळखणार. धाकट्याला मार्शमेलो चिरून द्या, अख्खे दाणे, अक्रोड देऊ नका, घशात अडकतात. कुत्रा नेत असाल तर चॉकलेट त्याच्यापासून लांब. आणि फॉइल जळत नाही, शेकोटीत टाकू नका, परत घेऊन या.

चौघांचा_तंबू_पाचवा_पाहुणा

बापरे केवढं लिहिलंत सगळ्यांनी, थँक्यू! काडीवाले काका, तुमचं वाक्य नवऱ्याला वाचून दाखवलं, तो म्हणाला मलापण काडीच हवी असते. दह्याबरोबर भाजलेलं फळ देता येईल का? कूलर दुसऱ्या दिवशीपर्यंत टिकेल?

निखारा_बघून_ठेव

पहिल्या रात्री बिनधास्त. दुसऱ्या रात्री बर्फ शिल्लक असेल आणि आतलं ४ डिग्रीच्या खाली असेल तरच, एक छोटा थर्मामीटर टाकून ठेवा. पाण्याच्या बाटल्या गोठवून ठेवल्या तर बर्फ जास्त टिकतो आणि वितळल्यावर पिताही येतं. कापलेलं फळ दोन तासांच्या वर बाहेर ठेवू नका, त्यापेक्षा अख्खंच न्या आणि तिथे कापा.

चौघांचा_तंबू_पाचवा_पाहुणा

जाऊन आलो, रिपोर्ट देते. केळी सुपरहिट, दोन्ही रात्री तीच झाली. सफरचंदं पहिल्या रात्री अर्धी कच्ची कारण तुम्ही एवढं सांगूनसुद्धा नवऱ्याने मध्येच लाकूड घातलं, दुसऱ्या रात्री त्याला शेकोटीपासून लांब बसवलं तेव्हा जमली. सासऱ्यांनी अर्धं केळं खाल्लं आणि उरलेल्या अर्ध्याकडे बराच वेळ बघत होते, शेवटी नातीने खाल्लं. धाकट्याने काडीवर अननस लावून भाजला, खाल्ला नाही, परत भाजला, परत नाही खाल्ला, असं तीनदा. झोपला मात्र परत साडेअकरालाच.