पाळीत ऑपरेशन केलं तर जखम चिघळते का? लवकर सांगा

कृष्णाकाठ: गुरुवारी मिरजेत ऑपरेशन आहे आणि पाळी नेमकी बुधवारीच येणार. सासूबाई म्हणतात पुढे ढकल, पाळीत अंगात ताकद नसते, जखमेत पू होतो. ओपीडीत एवढी गर्दी की विचारायला मिळालंच नाही. प्रतिकारशक्ती खरंच कमी होते का? हो की नाही, एवढंच सांगा.

तासगावकर: कसलं ऑपरेशन? वय किती? शुगर आहे का?

अपर्णा_विश्रामबाग: पाळी पुढे ढकलायची गोळी घ्या. माझ्या बहिणीने घेतली होती, काहीही झालं नाही.

ओटीसिस्टर: ताई, असं परस्पर सांगू नका. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉनचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो, आणि त्याने रक्तात गुठळी व्हायची शक्यता वाढते. ऑपरेशननंतर पायाच्या शिरेत गुठळी व्हायची भीती असतेच, त्यात भर कशाला?

अपर्णा_विश्रामबाग: गौरी-गणपतीत किती बायका घेतात!

ओटीसिस्टर: पूजेला बसणं वेगळं, टेबलावर झोपणं वेगळं.

तासगावकर: अहो, ऑपरेशन कुठलं?

कृष्णाकाठ: खड्यांचं. दुर्बिणीतून. वय 34, शुगर नाही. एचबी (हिमोग्लोबिन) 8.6 आहे, पण ते माझं नेहमीच कमी असतं.

बागणीचा_शेतकरी: कुळथाचं कढण प्या, खडा आपोआप पडतो. आमच्या चुलत्यांचा पडला.

तासगावकर: दादा, तो मूतखडा. यांचा पित्ताशयाचा तर नाही ना?

कृष्णाकाठ: हो, पित्ताशयच.

ओटीसिस्टर: मग ऐका. पाळीच्या चक्राप्रमाणे प्रतिकारशक्ती थोडी हलते, हे खरं. पण सासूबाई म्हणतात तशी नाही. बीज सुटल्यावर प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक चढतं आणि गर्भ राहिला तर तो टिकावा म्हणून शरीर जरा नमतं घेतं. पाळी येते तेव्हा ते उतरलेलं असतं. शिवाय ऑपरेशनच्या ताणाने प्रतिकारशक्ती दाबणारं कॉर्टिसॉल वाढतं, त्यापुढे हा फरक किरकोळ. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन चक्राच्या कोणत्या दिवसांत करावं, यावर 1989 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात लेख आला होता, बराच वाद झाला. पुढच्या मोठ्या अभ्यासांत जगण्यात फरक दिसला नाही. पाळी आली तर पॅड लावून या, सिस्टरना सांगा, लाजू नका. पण एचबी 8.6 अंगावर काढू नका! भूलतज्ज्ञांना आजच कळवा. पाळीत जास्त जातं का?

अपर्णा_विश्रामबाग: बीट खा.

कृष्णाकाठ: जास्तच जातं, गाठीसुद्धा पडतात. आत्ताच फोन केला. पाळीचं ऐकून काही म्हणाले नाहीत, एचबी ऐकल्यावर तारीख थांबवली. उद्या परत रक्त तपासायचंय. चढवावं लागेल का?

तासगावकर: जुने रिपोर्ट आहेत का? लोहाच्या गोळ्या कधी घेतल्या होत्या?